विहिणीनं ओटीत घातलेलं लिवर

गिरजे, त्या दिवशी सकाळी आपण बाज आवळली. तेवढंच. त्याच्यानंतर आपण दोघांनी मिळून काही केलं नाही.

पायथ्याची दोरी ढिली पडली होती. तू रोज म्हणे, झोपलं की झोळीतल्या लेकरासारखं वाटते. मी दोरी ओढत होतो, तू पायानं खूर दाबून धरला होता. मी म्हटलं, "जोर लाव." तू म्हणली, "जोर तुम्ही लावा. मी धरून आहे ना." गाठीवरून भांडण झालं. तू म्हणे उलटी मारा, मी माह्यी सुलटीच मारली. मंग तू बाजेवर बसून पाह्यलं, जराशी हालली, अन म्हणली, "झाली टणक. तुमच्या गाठीनं नाही, माह्या धरण्यानं." चहा ठेवायले आत गेली. चहा जळाल्याचा वास आला म्हणून मी आत गेलो.

डॉक्टर आला, तुह्या डोळ्यात बॅटरी टाकून पाह्यली, म्हणे हृदय बंद पडलं. मी त्याले पहिले काय इचारलं माहीत आहे? "अन लिवर?" तो माह्या तोंडाकडं पाह्यतच राह्यला. तुह्या मागच्या महिन्याच्या तपासणीचे कागद मी त्याच्या पुढ्यात टाकले. त्यानं वाचले. म्हणे, "बाबा, लिवरचा काही संबंध नाही. लिवर तर एकदम चांगलं होतं."

तवा मी रडलो. पहिले नाही, तवा.

आता घरात बाया येऊन बसतात अन "बिचारी" म्हणतात. मले राग येते. बिचारी कशाची? तुह्या लिवरात कॅन्सर निघाला, कापून काढला. तो पुन्हा आला. तरी तू त्याले मातीत घातला अन त्याच्या छातीवर बसून सहा दिवाळ्या खाल्ल्या. जिनं वांग्याचे वाफे खुरपले, मेहकरच्या बाजारात व्यापाऱ्याले शिव्या दिल्या, नातीच्या बारशात नाचली, ती बिचारी? मी त्यायले म्हणतो, बाई, चहा घ्या अन चूप बसा.

तुले आठवते का पहिलं ऑपरेशन? नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात लिवरचा एक तुकडा कापला अन आपण घरी आलो. तू सगळ्या डोणगावले सांगितलं, "मुळासकट काढलं." मी बी सांगितलं. पुढच्या साली तपासणीत पुन्हा दोन ठिपके दिसले. जुवारीच्या दाण्याएवढे. मी डॉक्टरले सरळ म्हटलं, "अहो, मंग पहिल्या बारीले काय काढलं तुम्ही?" तो रागावला नाही. त्यानं इचारलं, "बाबा, शेती करता ना?" म्हटलं, हो. तो म्हणे, "तण काढलं पण जमीनच तणाची असली तर काय होते? त्यांना जुनी कावीळ होती, त्यानं सगळं लिवरच खराब झालं आहे. पुन्हा कापलं तर पुन्हा येईल. आता जमीनच बदलावी लागेल."

लिवर बदलायचं. दुसऱ्या जित्या माणसाचा तुकडा घेऊन तुह्या पोटात बसवायचा. त्यानं हे बी सांगितलं की हे सगळ्यायले जमत नाही. तुह्या गाठी लहान होत्या, लिवरच्या बाहेर गेल्या नव्हत्या, रक्ताच्या नळीत शिरल्या नव्हत्या, म्हणून जमते. थांबलं अन त्या वाढल्या तर मंग नाही जमणार.

पैशाचं कसं जमवलं ते इथं लिहीत नाही. जमवलं.

पण देणार कोण? माह्यं रक्त जुळे, वय जुळेना. आपल्या पोराले, गजूले तपासलं तर डॉक्टर म्हणे याच्याच लिवरात चरबी आहे, यालेच उपाशी ठेवा. तू त्या दुखण्यात बी हासली. "खा अजून आलूवडे," म्हणली त्याले. राह्यली आपली लेक, वनी. तिचं सगळं जुळलं. तिचे दोन्ही लेकरं शाळेत जाणारे, तब्येत घोड्यासारखी. तपासणीचे कागद हातात घेऊन ती अशी आली, जशी शाळेतून पास होऊन येत असे.

अन तू म्हणली, "नाही."

मले वाटलं तू तिच्या जिवाले भेत असशील. तेवढंच असतं तर डॉक्टरनं समजावलं असतं. पण तुह्यं भलतंच होतं. जळगाव जामोदले लेक दिली तवापासून तू तिच्या घरी तांब्याभर पाणी बी पेत नव्हती. तिले पोरगं झाल्यावर तरी खाशील, असं सगळे म्हणत. तुह्या मायनं नाही खाल्लं, म्हणून तू बी नाही खाल्लं. भाकर बांधून नेत असे, त्यायच्या आंगणात बसून खात असे. लेकीले द्यायचं असते, लेकीचं घ्यायचं नसते. झालं.

"तिच्या घरचं पाणी नाही पेत, अन तिच्या पोटातलं मांस घेऊ?" तू म्हणली.

वनी म्हणे, "माय, मी काय घर आहे का? मी तुह्याच पोटची आहो. तुह्यंच तुले वापस देऊन राह्यली."

"दिलेलं वापस घेत नसतात," तू म्हणली अन कूस बदलली.

मी मंग मोठ्यानं बोललो. सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी म्हटलं, मरायची हौस असल तर तसं सांग, रिवाजाच्या मागं काऊन लपतेस?   डॉक्टरले स्वतः नाही म्हणून येईन, एवढंच तू कबूल केलं. म्हणून आपण शेगावले गाडी पकडायले गेलो. तू, मी अन वनी.

आता तो फलाट. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

गाडीले उशीर होता. तू बाकड्यावर बसली होती, तोंड सुकून गेलेलं, डोळे पिवळे. अन समोरून कोण येते? जळगावची विहीण. नवं लुगडं, काखेत पिशवी, मागं आपला जावई. वनीच्या लग्नापासून तुम्ही दोघी एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या. काऊन? विहिणीच्या पंगतीत तिच्या पुरणपोळीवर तूप वाढायचं राह्यलं होतं. आपल्याकडून कोणीतरी तुपाची वाटी घेऊन दुसऱ्या ओळीत गेलं, अन वरमाय कोरडी पोळी खाऊन उठली. एवढ्यावरून इतके वर्ष.

ती आली, तुह्या पुढ्यात उभी राह्यली. म्हणली, "इहीणबाई, उठा. पदर पसरा."

तू म्हणली, "काऊन?"

"मी सांगतो म्हणून. लग्नात माह्यं ऐकलं नव्हतं, आता ऐका."

तू उठली. तिनं पिशवीतून गहू काढले, नारळ काढलं, खण काढला. फलाटावर, हमालाच्या गाडीच्या बाजूले, तुही ओटी भरली. चहावाला किटली घेऊन उभाच राह्यला. मंग तिनं वनीचा हात धरला अन तुह्या पदरावर, गव्हावर ठेवला. म्हणली, "ही आता तुमची नाही. आमच्या घरची आहे, आमच्या नावानं कुंकू लावते. आमचं जे आहे त्यातलं आम्ही देऊन राह्यलो. लेकीचं नका घेऊ ना, कोण म्हणते घ्या? विहिणीचं घ्या. विहिणीचा मान मोडता येत नाही, हे तर तुमच्याकडं बी असल."

तू पदर घट्ट धरून उभी. 

विहीण खालच्या आवाजात म्हणली, "माह्यी बी एकच सून आहे, इहीणबाई. माह्ये नातू तिच्यावर आहेत. मी काही भाजीची जुडी नाही देऊन राह्यली. पण तुम्ही माह्या पोळीवर तूप नव्हतं वाढलं. मी तुमच्या ताटात कमी पडू देणार नाही. बसा आता गाडीत."

तू बसली. सगळी गाडीभर ओटी सोडली नाही. बडनेरा आलं तवा एकदाच माह्याकडं पाहून म्हणली, "तुम्हीच सांगितलं ना तिले?" गिरजे, अखेरपर्यंत तू हेच म्हणत राह्यली, अन मी नाहीच म्हणत राह्यलो. आता तर खोटं बोलून मले काही भेटणार नाही. मी नव्हतं सांगितलं. वनीनं बी नव्हतं. वनीनं घरी फक्त एवढंच सांगितलं होतं की माय नाही म्हणते अन काऊन म्हणते. पुढचं सगळं त्या बाईचं स्वतःचं डोकं.

मंग दवाखान्यातली तुही ती कमेटी. कोणी पैशासाठी नाहीतर जबरदस्तीनं तर देऊन नाही राह्यलं, हे पाह्यले सरकारी कायद्यानं माणसं बसतात. समोर कॅमेरा. एका मॅडमनं तुले इचारलं, "आजी, तुम्हाला लिवर कोण देत आहे?"

तू छाती काढून म्हणली, "माही विहीण."

मॅडमनं कागद पाह्यले. पुन्हा तुले पाह्यलं. कागदात तर लेक लिहिली होती. "विहीण? विहिणीचं चालत नाही आजी. नात्यात बसत नाही. तिचे तर तपास पण झाले नाहीत." एक साहेब पेन खाली ठेवून म्हणे, हे प्रकरण थांबवा.  तुह्या पोटातल्या दोन गाठी वाढून राह्यल्या अन आपण इथं रिवाजात अटकलो.

मी उठलो. मले म्हणे, बाबा तुम्ही बसा. मी म्हटलं, बसलो असतो, पण ही माह्यी बायको काही सुचू देत नाही.

मॅडमनं वनीकडं बोट दाखवून तुले इचारलं, "ही कोण?"

"माह्या विहिणीची सून."

सगळे हासले. मॅडम नाही हासली. ती म्हणली, "मी पण कुणाची तरी सून आहे आजी. पण माझ्या आईची मी कोण?"

तू वनीकडं वळून पाह्यलं. मंग म्हणली, "लेक." अन हळूच जोडलं, "ही माही लेक आहे. पण घरात इचारून देऊन राह्यली."

मॅडमनं मंग वनीले एकटीले आत घेऊन इचारलं, तुझ्यावर कोणाचा दबाव आहे का? वनीनं काय सांगितलं ते तिनं मले नंतर सांगितलं. "दबाव तर आहे मॅडम. मायचा. देऊ नको म्हणून."

मंजुरी भेटली.

ऑपरेशनच्या दिवशी दोन दरवाजे होते. एकात लेक गेली, एकात तू. मी अन विहीण मधात बाकड्यावर. ती मले म्हणली, "इवाई, तुम्ही कोणत्या दरवाज्याकडं पाहून राह्यले?" मी म्हटलं, कळत नाही. ती म्हणली, "मी दोन्हीकडं पाहून राह्यली. तुम्ही तुमच्या बायकोकडं पाहा, लेकीकडं मी पाह्यतो." त्या दिवसापासून मी तिच्या तुपाबद्दल कधी थट्टा केली नाही.

अन काय झालं? जिंकलो! वनीचं लिवर खुडलेल्या मेथीसारखं पुन्हा भरून आलं. दोन-तीन महिन्यात डॉक्टरनं फोटो दाखवला, पाहा म्हणे, पहिलेएवढं झालं. तुह्या डोळ्यातला पिवळेपणा गेला. तुह्ये गाल भरले. नागपूरहून आलो तवा गल्लीतल्या बाया दारातून पाहत होत्या. तोंडाले मास्क लावून तू गाडीतून उतरली अन पहिले काय केलं? वांग्याच्या वाफ्याकडं गेली अन माह्यावर वरडली, "पाणी कोणी असं देते का?"

गोळ्या मात्र जन्माच्या लागल्या. डॉक्टर म्हणे, शरीर परक्याचं मांस ओळखते अन त्याच्याशी भांडते, त्याले चूप ठेवायची गोळी आहे, एक बी चुकवू नका. तू म्हणली, "विहिणीचंच आहे ना, भांडणारच." डॉक्टर हासून हासून खुर्चीत मागं पडला. पण गोळी तू कधी चुकवली नाही. वावरात असो, लग्नात असो, मोबाइल वाजला की पदराच्या गाठीतून गोळी निघे.

अन नागपूरची ती वाशीमकडची बाई. आपण तपासणीले गेलो तवा बाहेर बसून रडत होती. तिची बी तीच कहाणी, एकदा कापलं, पुन्हा आलं. लेक द्यायले तयार, ही म्हणते लेकीचं कसं घेऊ. तू तिच्या बाजूले जाऊन बसली. काही समजावलं नाही. पोलक्याच्या खालून पोट उघडून ती लांबलचक खूण दाखवली, नांगराच्या तासासारखी. म्हणली, "पाह्यलं? आता सांग, तुही इहीण कोणत्या गावची आहे?"

"काऊन?"

"बोलाव तिले. नारळ अन खण घेऊन ये म्हणा."

पुढच्या तपासणीले ती बाई चालत येऊन तुह्या गळ्यात पडली. तवापासून नर्सा लेकीचं घ्यायले अडलेल्या बाया तुह्याकडंच धाडत. चौथी शिकलेली तू, अन दवाखान्यात तुह्या ओटीचा रिवाज चालू झाला. मी दुरून पाहत राहे. मनात म्हणे, ही माही बायको आहे. तोंडानं म्हणे, "चाल, गाडी चुकन."

एकच भांडण आपलं मिटलं नाही. ते आता मी एकटाच भांडून राह्यलो.

कोणी पाहुणा आला की तू ओटीची गोष्ट सांगे, अन शेवटी म्हणे, "विहिणीनं दिलं." दरवेळेस. विहिणीले तू दर दिवाळीले लुगडं नेलं, तिच्या ताटात तूप असं ओतलं की ती हात जोडे. एकदा वनी माहेराले आली होती. तू आंगणात गोष्ट सांगत होती, वनी मोरीवर भांडे घासत होती. मी पाणी घ्यायले गेलो तर ती हासत म्हणे, "बाबा, पोट तर माह्यंच कापलं होतं ना?" हासत होती, पण भाजीचं तेच गंज पुन्हा पुन्हा घासत होती.

मी तुले सांगितलं. म्हटलं, एकदा तिले म्हण, बाई, तू दिलं. एवढंच म्हण. तुह्या बापाचं काय जाते?

तू म्हणली, "विहिणीचं घेतलं तर मी फेडू शकते. लुगडं देईन, तूप वाढीन. लेकीचं घेतलं असं म्हटलं तर फेडू कशानं?"

 मी रागावून वावरात गेलो. रागावलो असं दाखवलं, खरं म्हणजे मले आत कुठंतरी तुह्यं पटलं होतं. पण पोरीचं काय? तुले वाटलं तिले न म्हणताच समजते. समजते ते वेगळं गिरजे. ऐकायले लागते. तू गेली, अन तिनं ते ऐकलं नाही. तुह्या सगळ्या जिंकण्यात हे एक राह्यलं.

त्या दिवशी सांजेले गजूनं तुले अग्नी दिला. वनी अन तिची सासू जळगावहून पोचल्या तवा तुले अंघोळ घालणं चालू होतं. वनीनं तुह्या पोटावरच्या खुणेवरून हात फिरवला, म्हणे बाया सांगतात. मी बाहेर होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायची होती. गजू मडकं अन दूध घेऊन निघाला, चार माणसं संग. मी आत गेलो. वनी भिंतीले टेकून बसली होती. म्हटलं, "वने, चाल."

म्हाताऱ्या बाया उठल्याच. "लेकीले मसणात नेता का हो? कोणी नेलं आजपर्यंत?"

मी काही म्हणायच्या आत विहीण बोलली. तिच्या डोळ्याले पदर होता, तो काढला नाही. "नेऊ द्या," म्हणली. "आमच्या घरचं आहे तिथं. पाहून येऊ द्या तिले."

बाया दारातून बाजूले सरकल्या.

थंडी होती. राखेवर पाणी शिंपडलं तशी वाफ निघाली. गजू खाली बसायले गेला, मी त्याचा खांदा धरला. म्हटलं, "थांब." वनीले समोर घेतलं. मले चांगलं बोलता येत नाही हे तुले माहीत आहे. जसं आलं तसं बोललो.

"वने, तुह्या मायनं जे घेतलं ते तुह्यंच घेतलं. तिले ते म्हणता नाही आलं. तिच्याकडून मी म्हणतो. तू दिलं, बाई."

पोरीनं राखेकडं पाह्यलं. मंग म्हणली, "बाबा, यातलं मायचं कोणतं हो, अन माह्यं कोणतं?"

मी म्हटलं, "मले नाही कळत. तूच वेच."

ती राखेत गुडघ्यावर बसली. गजूनं मडकं माह्या हातात दिलं. मी ते दोन्ही हातानं तिच्यापुढं धरलं, अन ती एक एक वेचून त्यात ठेवत गेली.